साहेब बाहेर गेलेत का?

आज परत तेच. मी गाळ्याच्या दारात उभी, अंगात ॲप्रन, हात कूलंटने ओले, आणि समोरचा माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारतोय, "मॅडम, साहेब बाहेर गेलेत का?"

कोण साहेब? दारावरच्या पाटीवर माझं नाव आहे. जीएसटीचं सर्टिफिकेट नियमाप्रमाणे दर्शनी भिंतीला लावलंय, त्यावर माझं नाव आहे. ज्या मेलने याला आज अकराची वेळ दिली त्या मेलखाली माझं नाव आणि नावाखाली प्रोप्रायटर. गेटवरून याने फोन केला तो मीच उचलला. डावीकडे वळा, वर जाऊ नका, तळमजल्यालाच गाळा आहे, हेही मीच सांगितलं. तरी याला साहेब हवेत.

"मीच मालक आहे," म्हटलं. "हो का, छान छान," म्हणाला आणि आत जाऊन थेट काकांसमोर उभा राहिला. काका माझे सुपरवायझर. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस, केस पांढरे, मिशी पांढरी. एवढं पुरलं. पुढचे तीन तास त्याने एकही प्रश्न मला विचारला नाही.

व्हेंडर ऑडिट होतं, म्हणजे काम द्यायच्या आधी कंपनीचा माणूस येऊन गाळा तपासतो ते. कंपनीचं नाव घेत नाही. चार महिने मी त्यांच्या परचेसच्या मागे होते. नवी मुंबईत रबाळ्यात माझे दोन व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीनं, आणि एक जुनं लेथ, माझ्यासकट सहा माणसं. महिन्याला चारशे हाउसिंगचं, म्हणजे त्या नावाच्या सुट्या भागांचं, काम मिळालं तर दुसऱ्या व्हीएमसीचा हप्ता त्यातूनच सुटतो. म्हणून तोंड बंद ठेवून मागे मागे फिरले. त्याने काकांना विचारायचं, काकांनी माझ्याकडे बघायचं, मी उत्तर द्यायचं, त्याने काकांकडेच बघत राहायचं. मग काकांनी माझंच उत्तर शब्दाला शब्द परत म्हणायचं, की याचं पेन चालणार. मोजायच्या उपकरणांचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी, कधी झालं? मी म्हटलं, ऑगस्टमध्ये. पेन थांबलेलं. काका म्हणाले, ऑगस्टमध्ये. लिहिलं. फाइल माझ्या हातात होती हो! सर्टिफिकेट उघडून त्याच्या नाकासमोर धरलं होतं.

आणि मग बोअर. हे मला रात्रभर झोपू देणार नाही, म्हणून लिहितेच. जॉबला, म्हणजे बनवलेल्या भागाला, चाळीस मिलिमीटरचा बोअर, म्हणजे गोल भोक, एच सेव्हन मापाचं. म्हणजे ४०.००० ते ४०.०२५, पंचवीस मायक्रॉनची जागा. मी बोअर गेज, म्हणजे भोक मोजायचं डायलवालं उपकरण, पक्क्या मापाच्या रिंगवर झीरो करून घेतला आणि जॉबमध्ये घालणार, एवढ्यात याने माझ्या हातातून गेज काढून घेतला. "राहू द्या मॅडम, हात काळे होतील." माझे हात! बावीस वर्षं झाली या हातांना. नखांच्या कडा ज्या काळ्या झाल्यात त्या कुठल्याही साबणाने निघत नाहीत, गणपतीत मोदक वळताना सासूबाई अजून बघतात. आणि हा मला सांगतोय.

बरं, गेज घेतला तो घेतला, नीट तरी धरावा. सरळ आत खुपसला आणि डायल वाचला. डोलवला नाही. कुठल्याही शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात: बोअर गेज आत घातला की पुढे-मागे डोलवायचा, काटा जिथून परत फिरतो ते खरं माप. तिरका राहिला तर बोअर मोठाच दिसणार. याला ४०.०५ दिसला. लगेच काकांना म्हणाला, "ओव्हरसाइज आहे, एनसी लिहावी लागेल." एनसी म्हणजे रिपोर्टात दोषाची नोंद. मी म्हटलं, "सर, गेज डोलवला नाही, परत बघा." त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी चहा हवा का विचारलंय. मग काकांकडे वळला. काका शांतपणे म्हणाले, "मॅडम बरोबर बोलतायत, डोलवून बघा." डोलवला. ४०.०१२. "हां, ठीक आहे काका, तुमचा अनुभव दिसतो."

काकांचा अनुभव! काका देवमाणूस आहेत, त्यांना वाईट वाटलं, दोनदा बोललेसुद्धा की मॅडमनीच सगळं बसवलंय. ऐकून घेतलं आणि पुढच्या मशीनकडे गेला.

त्या मशीनवर आमची आयटीआयची मुलगी होती. एकोणीस वर्षांची. मशिनिस्ट ट्रेड करून आलीय, दिघ्याहून येते, आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदा एकटीने टूल ऑफसेट घ्यायला, म्हणजे मशीनला टूलचं माप द्यायला, लागलीय. आज तिला मुद्दाम तिथे उभं केलं होतं, ऑडिटवाल्याला दाखवू म्हणून. रात्रीच तिला सांगून ठेवलं होतं की विचारलं तर घाबरू नकोस, जे करतेस तेच सांग. पोरगी घोकून आली होती. हा तिच्यासमोर थांबला आणि म्हणाला, "बाळा, जरा पाणी आण." तिने स्पॅनर खाली ठेवला आणि गेली आणायला. मी तिला अडवलं नाही. ऑर्डर जाईल म्हणून अडवलं नाही. या एका गोष्टीचा मला त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग आलाय.

आता तुम्ही म्हणाल माणूस तसा होता, सोडून दे. एक माणूस असता तर सोडून दिलं असतं. मशीनचा सर्व्हिस इंजिनियर येतो, अलार्म कोणता आला हे मी सांगते, तो हेल्परला विचारून खात्री करतो. ट्रान्सपोर्टवाला चलनावर सही घ्यायला वॉचमनकडे जातो. बँकेत गेले होते पहिल्या मशीनच्या कर्जाला, प्रोजेक्ट रिपोर्ट मी स्वतः बनवलेला, तीन पार्ट्यांची, म्हणजे गिऱ्हाइकांची, पत्रं जोडलेली. साहेबांनी पान उलटलं नाही. "मिस्टरांची सॅलरी स्लिप आणलीत का?" तारणाशिवाय लघुउद्योगाला कर्ज मिळावं म्हणून सरकारची क्रेडिट गॅरंटी योजना २००० सालापासून आहे, बाईच्या उद्योगाला त्यात जास्त संरक्षण आहे, हे मी त्यांना सांगत होते आणि ते मला सांगत होते की मिस्टरांना गॅरंटर घेतलं की लवकर होईल. नवरा शाळेत भूगोल शिकवतो. गाळ्यात येतो तो दसऱ्याला, मशीनला हार घालायला. मशीन चालणार की नाही हे बँक त्याच्या पगारावरून ठरवणार!

पैशाचं तर विचारूच नका. ४५ दिवसांत लघुउद्योगाचे पैसे द्या असा २००६ चा कायदा आहे. एका पार्टीकडे सात महिने अडकले होते, साडेतीन लाख. रोज फोन. शेवटी त्यांचा अकाउंट्सवाला म्हणाला, "ताई, एवढी काय घाई, घर तर मिस्टरांच्या पगारावर चालत असेल ना?" माझ्याकडे पाच माणसांचे पगार असतात. लाइट बिल असतं, टूलवाल्याची उधारी असते. शेजारच्या गाळ्यातल्या भाऊंनाही तीच पार्टी पैसे उशिरा देते, पण त्यांना कुणी विचारत नाही की वहिनी काय कमावतात.

संडासाचं लिहू का? लिहितेच. वागळे इस्टेट म्हणजे एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ ची एमआयडीसी. तिथे मी क्वालिटीत नऊ वर्षं नोकरी केली, तीन कंपन्या बदलल्या, आणि तिन्ही ठिकाणी शॉप फ्लोअरवर बाईसाठी वेगळा संडास नव्हता. ऑफिसचा वापरा म्हणायचे, आणि ऑफिस सहाला बंद. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बायकांसाठी वेगळी, बंदिस्त सोय हवी असं कलम १९ मध्ये साफ लिहिलेलं होतं. सेकंड शिफ्टला मी दुपारी तीननंतर पाणी पीत नव्हते. दोनदा इन्फेक्शन झालं. आता माझ्या इमारतीत चोवीस गाळे आणि सगळ्यांत मिळून पुरुषांचेच संडास. कायदा मोठ्या कारखान्यांना, आम्ही पाच-सहा माणसांचे गाळेवाले त्यात बसत नाही म्हणे. सोसायटीच्या मीटिंगला तीन वर्षं मुद्दा मांडला. "एका लेडीजसाठी कुठे खर्च करायचा?" मग गाळ्याच्या कोपऱ्यात चार बाय चारची जागा काढून स्वतः बांधला. तिथे माझं एक ड्रिल मशीन बसलं असतं. त्या पोरीला मात्र तीननंतर पाणी बंद करावं लागत नाही.

आणि हे जे नावापुरत्या मालकिणी बनवतात ना, त्यांच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. केंद्राच्या खरेदी धोरणात २०१८ मध्ये ठरलं की ३ टक्के खरेदी बायकांच्या लघुउद्योगांकडून व्हावी. चांगलं ठरलं. लगेच आमच्याच एमआयडीसीतल्या भल्या भल्या शेठांनी बायकोच्या नावावर फर्म काढल्या. वहिनी घरी, वहिनींची सही चेकबुकात आगाऊ, धंदा शेठचा. कागदावर महिला उद्योजक. त्यामुळे खरी बाई दारात उभी असली तरी लोक आत साहेब शोधतात. हा ऑडिटवाला तरी वेगळं काय करत होता? त्याने असे दहा गाळे बघितले असतील जिथे मागच्या केबिनमध्ये खरंच साहेब बसलेले होते. ज्या योजनेने मला दार उघडायचं, तीच वापरून या लोकांनी माझ्यावरचा विश्वास घालवला.

आठ मार्चला सत्काराला बोलावतात, तिथेही सूत्रसंचालन करणारे भाऊ विचारतात, "ताईंचं काय, मसाले की पापड?" पापडाला कमी लेखू नका हं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, त्यांनी जे उभं केलं ते किती कंपन्यांना जमलं? पण बाई म्हटली की तेवढंच डोळ्यासमोर का येतं? रेल्वे ड्रायव्हर सुरेखा यादव ३६ वर्षं रेल्वेत काढून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, लोकल चालवली, घाटात गाड्या चालवल्या, वंदे भारत चालवली. त्या चालवायच्या तेव्हा गाडीत बसलेला कोण माणूस उतरून विचारायला गेला होता की ड्रायव्हर साहेब कुठे आहेत?

संध्याकाळी सातला रिपोर्टची मेल आली. मी ठाण्याच्या गाडीत होते, ऐरोली गेलं होतं. लेडीज डब्यात दाराशी उभी राहून उघडली. सुरुवात 'डिअर सर'. ठीक, सवय आहे. ८२ मार्क, पास. पोटात हललं आनंदाने. मग खाली बघितलं. मालकाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव. 'मिस्टर' लावून.

हे त्याला कुठून मिळालं असेल याचा मी दोन स्टेशनं विचार करत होते. मग कळलं. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवरून. त्यावर माझं पूर्ण नाव आहे: माझं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. त्याने पहिलं नाव गाळलं आणि उरलेलं उतरवून घेतलं. वाचताना डोळ्यांसमोर मी होते. सरकारने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव लावायला सांगितलं, आणि हा माणूस माझ्या नावातून मलाच उचलून बाहेर ठेवतो. आणि माझं नाव रिपोर्टमध्ये नाही असंही नाही. तिसऱ्या पानावर आहे. 'ऑफिस स्टाफ'.

घरी येऊन नवऱ्याला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "माझ्या नावावर चारशे हाउसिंग? मला तर एच सेव्हन म्हणजे काय तेही माहीत नाही, त्यांना कळव आधी." तोही चिडला, खरंच चिडला, तेवढं बरं वाटलं.

रिपोर्टवर मालकाची सही करून उद्या दुपारपर्यंत परत पाठवायचाय, तरच पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, निघेल. काकांचा फोन येऊन गेला. "मॅडम, सही करून टाका, नाव काय नंतर पण बदलता येईल. ऑर्डर महत्त्वाची." काका माझ्या भल्याचंच सांगतायत. हप्ता दहा तारखेला आहे, तेही त्यांना माहितीय.

पण सही करायची कुणाच्या नावापुढे? त्याच्या नावापुढे माझी सही केली तर ते खोटं आहे, आणि त्याची घेतली तर बावीस वर्षं मी काय केलं?

मेल लिहिलीय. मालकाचं नाव चूक आहे, दुरुस्त करून नवीन रिपोर्ट पाठवा, मगच सही होईल. तिसऱ्या पानावर मशीन नंबर दोनच्या ऑपरेटरचं नाव राहून गेलंय, तेही घाला; तिचं पूर्ण नाव आणि ट्रेड खाली दिलाय. बोअर गेज वापरायची आमची लेखी पद्धत सोबत जोडलीय. खाली माझं नाव, प्रोप्रायटर.

पावणेबाराला पाठवली. अजून उत्तर नाही.