मुंगीचं घर: न्हाणीच्या उंबऱ्याखाली

लेकीचा पहिल्या घटक चाचणीचा पेपर घरी आला. दुसरीत आहे ती. 'मुंगीचे घर' आणि पुढं रिकामी जागा. तिनं लिहिलं होतं, 'न्हाणीच्या उंबऱ्याखाली'. त्यावर लाल फुली आणि शेजारी 'वारूळ'.

मार्काचं मला काही नाही. पण ती फुली बघून पोटात तुटलं. कारण त्या उंबऱ्यापाशी ही पोर मे महिन्याची अर्धी सुट्टी पालथी पडून होती. तिनं पाठ केलेलं लिहिलं नव्हतं, बघितलेलं लिहिलं होतं.

आणि खरं सांगू? शेताच्या बांधावरची ती उंच मातीची वारुळं, नागपंचमीला आपण पुजतो ती, मुंग्या बांधतच नाहीत. ती वाळवीची. वाळवी दिसते पांढऱ्या मुंगीसारखी, पण नात्यानं ती झुरळांच्या जवळची. मुंग्या राहतात जमिनीखाली, दगडाखाली, भिंतीच्या फटीत, झाडाच्या ढोलीत. मुंग्यांच्या बिळालाही वारूळ म्हणतात, मान्य. बाईंवर माझा राग नाही, सगळ्या तक्त्यांत तेच छापलेलं असतं. पण पोरीचं उत्तर चूक नव्हतं.

सुरुवात झाली ती बेदाण्यांमुळं. तासगावहून आलेल्या बेदाण्यांच्या डब्याला मुंग्या लागल्या. मी मुंग्यांचा खडू हातात घेतला आणि लेक म्हणाली, "आई, ह्या येतात कुठनं?" सांगलीच्या उन्हात दुपारी बाहेर सोडता येत नाही, पोरं घरातच. म्हटलं, चल बघूया. खडू ठेवला आणि रांग उलटी धरून निघालो. डबा, फडताळ, ओट्याची मागची बाजू, मोरीची कड, आणि शेवटी न्हाणीचा उंबरा. वीस मिनिटं लागली. एरवी एवढा वेळ ही पोर जेवायलासुद्धा एका जागी बसत नाही.

मग रोज काहीतरी सुरू झालं. रांगेच्या मधोमध ओलं बोट फिरवलं, तर दोन्हीकडच्या मुंग्या तिथं येऊन थबकल्या, गोंधळल्या. मुंगी चालताना वासाची रेघ सोडत जाते आणि मागची त्या वासावर येते, हे मी तोंडानं सांगितलं असतं तर तिनं 'हं' म्हणून सोडून दिलं असतं. पुढं आम्ही रांगेच्या वाटेत एक कागद ठेवला, त्यावरून चांगली वाट पडू दिली आणि कागद हळूच आडवा फिरवला. बऱ्याच मुंग्या फिरवलेल्या वाटेनंच चालत कागदाच्या कडेपर्यंत गेल्या. पाच वर्षांचा पुतण्या ओरडला, "चुकल्या! चुकल्या!" ते ओरडणं अजून कानात आहे.

जुन्या लग्नपत्रिकेवर चार टिपके ठेवले: साखरेचं पाणी, गूळ, दाण्याचं कूट, मीठ. आधी अंदाज सांगायचा, मगच बघायचं, एवढा एकच नियम. दोघंही गुळावर अडून बसली. आमच्याकडच्या बारीक काळ्या मुंग्या साखरेच्या पाण्यावर गेल्या आणि लाल मुंग्यांनी कूट पळवलं. मिठाकडं कुणी नाही. आठवड्यानं पुन्हा केलं तर काळ्यासुद्धा कुटावर. कामकरी मुंगीला पळापळ करायला गोड खाणं लागतं, पण बिळातल्या अळ्यांना वाढायला प्रथिनं लागतात. त्यामुळं बिळाची गरज बदलली की मुंग्यांची आवडही बदलते.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, म्हणाल्या, हळदीची रेघ मारा, मुंगी ओलांडत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हळदीवर शंका घेणं म्हणजे घरात मोठंच धाडस! तरी एक रेघ हळदीची आणि एक तांदळाच्या पिठाची मारली. मुंग्या दोन्हीपाशी थबकल्या आणि थोड्या वेळानं दोन्हींना वळसा घालून गेल्या. आत्ती बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आता नुसती राखच ओढून बघा." पंच्याहत्तरीची बाई पोरांच्या शेजारी खाली बसली होती.

मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येतो, हेही त्यांचंच. ते आम्ही कॅलेंडरवर मांडतोय. आतापर्यंत पाच वेळा निघाल्या, तीनदा पाऊस आला. भिंगातून बघितलं तर ती पांढरी 'अंडी' बहुतेक अळ्या आणि कोश असतात. खरं अंडं रव्याच्या कणाहूनही बारीक.

पोळ्या करताना कणकेची मुंगी करायला द्या, हे माझं फार आवडतं काम. तीन गोळे, सहा काड्या. बघा, मूल पाय कुठं खोचतं. बहुतेक मुलं पोटाच्या मोठ्या गोळ्याला खोचतात. मग खरी मुंगी दाखवायची. सहाच्या सहा पाय मधल्या गोळ्याला! लेकीनं पाय उपसून परत खोचले, मी एक शब्द बोलले नाही.

आणखी एक. ही कामकरी मंडळी सगळी बाईमाणसं असतात. 'मुंगळा' आपण पुल्लिंगी म्हणतो, पण दाणा ओढत नेणारा तो मुंगळाही मादीच. हे सांगितल्यापासून लेक 'मुंगळीण' म्हणते. मी दुरुस्त करणार नाही. नर पंखवाले, फक्त मिलनाच्या उड्डाणापुरते. त्यानंतर ते थोड्याच वेळात मरतात. राणी पंख गाळून जमिनीत शिरते आणि नवं घर मांडते. 'मुंगीला पंख फुटले' असं आपण टोचून बोलतो, तिला मात्र ते संसार थाटायला फुटलेले असतात.

एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे: मुंग्या पकडून बरणीत भरणं. पोस्ट वाचून कुणीतरी तेच सुचवणार म्हणून आधीच सांगते. राणीविना आणलेल्या कामकरी मुंग्यांचं बिळ वाढत नाही, काही दिवसांत, आठवड्यांत त्या मरून जातात, आणि मूल रोज बघतं ते मरणं. मुंगी आपल्या जागी राहू दे, पोराला तिथं न्या. लहान असेल तर शेजारी बसा. मुंगळा जबड्यानं चावतो, बारीक लाल मुंगी मागच्या नांगीनं डंख मारते. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

बेदाण्यांचा डबा आता परातीत पाणी घालून त्यात ठेवलाय, पूर्वी दुधाचं पातेलं ठेवायचे तसा.

काल लेकीनं पेपर परत काढला. 'वारूळ' खोडलं नाही. त्याच्याखाली शिसपेन्सिलीनं लिहिलं, 'आमच्या मुंगीचं न्हाणीपाशी'. आता तिला पावसानंतर पंखवाल्या मुंग्या कुठल्या फटीतून बाहेर पडतात ते बघायचंय, म्हणून संध्याकाळी अंगणातला दिवा बंद ठेवायला सांगितलाय. मिरज, विटा, कऱ्हाड, वाईकडं कुणी टिपके ठेवून बघितले तर तुमच्याकडं कूट जिंकलं की गूळ, खाली लिहा. ती माझ्याकडून रोज वाचून घेणार आहे.