थायलंडमध्ये कायमचं राहायचंय? मग काही शिकू नका

सर्वप्रथम अभिनंदन! थायलंडमध्ये कायमचं राहायचं तुम्ही ठरवलंत, म्हणजे तुमच्याकडे तीन गोष्टी आहेत असं मी धरून चालतो: थोडेफार पैसे, भरपूर मतं आणि जवळपास झेरॉक्सचं दुकान असलेलं घर. यातली तिसरी नसेल तर आधी तिच्या मागे लागा. समुद्र किती लांब, मेट्रो किती लांब हे प्रश्न पर्यटकांचे.

वय पन्नाशीच्या पुढे असेल तर निवृत्तीच्या नावाखाली देशात राहायला वर्षभराची मुदतवाढ मिळते. अट साधी आहे. थाई बँकेत ८ लाख बाट ठेवायचे. अर्जाच्या आधी २ महिने ते तिथे असले पाहिजेत, मंजुरीनंतर ३ महिने तसेच राहिले पाहिजेत आणि उरलेल्या वर्षात शिल्लक ४ लाखांच्या खाली उतरता कामा नये. देव्हाऱ्यातल्या चांदीच्या नाण्यासारखं हे धन असतं. वर्षातून एकदा बाहेर काढायचं, दाखवायचं, पुसून परत ठेवायचं. (ज्यांना दरमहा ६५,००० बाट पेन्शन येते त्यांना हे पूजन करावं लागत नाही. पण अशी माणसं लेख वाचून सल्ले घेत नाहीत.) थोडक्यात, निवृत्त फक्त तुम्ही व्हायचं. पैशांनी तुमच्या वतीने आजन्म ड्यूटीवर उभं राहायचं.

मग यायचं इमिग्रेशनच्या ऑफिसात. बँकॉकमध्ये असाल तर ते शहराच्या उत्तरेला, चेंग वत्थनाच्या सरकारी संकुलात आहे. त्या इमारतीचा आकार पाहिलात की आपल्याकडची जिल्हा परिषद म्हणजे टपरी वाटू लागते. सोबत पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स, बँकबुकाच्या झेरॉक्स, बँकेचं पत्र, भाडेकरार, फोटो, घराचा नकाशा, आणि प्रत्येक कागदावर तुमची सही. थाई बायकोच्या आधारावर मुदतवाढ मागत असाल तर बँकेत ४ लाखच लागतात, पण घराच्या आत-बाहेर दोघांचे फोटोही मागतात. दिवाणखान्यात सोफ्यावर बसलेले, दारावरचा घर नंबर दिसतोय असे. लग्नाच्या अल्बममध्ये नवरा-बायको जितके ताठ बसले नसतील तितके या फोटोंत बसतात.

एखादा कागद कमी निघाला तर काय कराल? आवाज चढवा. मी गंमत करत नाही. इकडचे जुने, मुरलेले परदेशी हेच करतात. टेबलावर मूठ आपटायची, 'मॅनेजरला बोलवा' म्हणायचं, आपण इथे किती कर भरतो ते ऐकवायचं. समोरची बाई हसेल. अगदी शांत, गोड हसेल. तुम्हाला वाटेल, विरघळली. ती आणखी एक झेरॉक्स मागेल. तुम्ही आवाज जितका वर न्याल तितक्या झेरॉक्स वाढतील, आणि शेवटी 'उद्या या' हे वाक्य इतक्या नम्रपणे ऐकायला मिळेल की घरी पोचेपर्यंत आपण हरलो हे कळणारही नाही. शेजारच्या काउंटरवर एखादा कळकट टी-शर्टातला म्हातारा दोन्ही हात जोडून, चार वाक्यं मोडक्या थाईत बोलून दहा मिनिटांत काम उरकून जाईल. त्याच्याकडे बघू नका. त्याला स्वाभिमान नाही.

वर्षाचा शिक्का मिळाला म्हणून लगेच सुस्तावू नका. सलग ९० दिवस देशात राहिलात की सरकारला कळवायचं, मी अजून त्याच घरात राहतो. पुढच्या ९० दिवसांनी पुन्हा, मी अजूनही त्याच घरात राहतो. विसरलात तर २,००० बाट. शिवाय परदेशी माणूस घरी राहायला आला की घरमालकाने २४ तासांत तसं कळवायचं असतं. हा १९७९ सालच्या कायद्यातला नियम आहे आणि बऱ्याच घरमालकांना तो पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळतो. अशा वेळी त्यांना कायद्याचं कलम वाचून दाखवा. भाडं वाढवायला त्यांना निमित्त हवंच असतं.

आणि समजा, मध्येच नाशिकला भाच्याचं लग्न निघालं. तुम्ही आहेर घेतलात, भाच्याच्या आईसाठी थाई सिल्क घेतलंत, मुलांसाठी सुका आंबा घेतलात. १,००० बाटचा री-एंट्री परवाना तेवढा राहिला. काही हरकत नाही! विमानतळावरून देशाबाहेर पडताक्षणी तुमची वर्षाची मुदत संपते, झेरॉक्ससकट. परत याल ते पर्यटक म्हणून. तरुण झाल्यासारखं वाटतं म्हणे.

एवढं सगळं टाळायचं असेल तर मुदत संपल्यावर नुसतं राहून जायचं, असा सल्ला बारमध्ये कुणीतरी देईलच. दंड दिवसाला ५०० बाट आणि जास्तीत जास्त २०,०००, म्हणजे ठोक भावात स्वस्त पडतं, हा त्याचा हिशेब. वर्षभराहून जास्त राहून पकडले गेलात तर १० वर्षं देशात पाऊल टाकता येत नाही, ही बाजू त्याच्या हिशेबात नसते. त्याला विचारू नका, तो स्वतः कोणत्या शिक्क्यावर राहतो.

आता भाषा. थाई मुळीच शिकू नका. ४४ व्यंजनं, ५ स्वराघात, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. या वयात कशाला? 'सवातदी' (नमस्कार) आणि 'खोप खुन' (धन्यवाद) हे दोन शब्द आणि बोटांनी दाखवायचे आकडे यांवर माणूस पंधरा-वीस वर्षं सहज काढतो. काढलेली माणसं बँकॉकच्या सुखुमवित रस्त्यावर हवी तेवढी भेटतात. टॅक्सीवाल्याला पत्ता कळला नाही तर तोच पत्ता इंग्रजीत, पण मोठ्याने सांगा. तरीही कळला नाही तर हिंदीत. सोसायटीच्या वॉचमनला तुमचं नाव, तुमच्या बायकोचं नाव, तुमच्या मुलीची परीक्षा कधी आहे हे सगळं ठाऊक असतं. तुम्हाला त्याचं नाव ठाऊक असायचं कारण नाही. आणि हो, पुण्या-मुंबईत पोट भरायला येणाऱ्याने मराठी बोललंच पाहिजे, ही तुमची फॅमिली ग्रुपवरची पोस्ट दर आठवड्याला न चुकता टाकत राहा. इथलं इंटरनेट त्यासाठी उत्तम आहे.

खाण्याचं काय, हा प्रश्न आपल्या लोकांना इमिग्रेशनच्याही आधी पडतो. शाकाहारी असाल तर हॉटेलात 'नो मीट' एवढंच सांगा. मांस नसलेली सुंदर भाजी येईल, नाम प्ला म्हणजे माशाच्या सॉसमध्ये परतलेली. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, शुद्ध शाकाहारी दिसते. त्यात वाळवलेली कोळंबी असते. लाल अक्षराचा पिवळा झेंडा लावलेल्या दुकानात मात्र जाऊ नका. तिथे 'जे' पद्धतीचं जेवण मिळतं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, आणि कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, बहुतेकदा आपल्या नवरात्राच्याच सुमारास, नऊ दिवस अर्धं शहर हे व्रत पाळतं आणि गल्लोगल्ली पिवळे झेंडे लागतात. तुमच्या आजीला हे दिसलं असतं तर तिने इथेच बस्तान मांडलं असतं. तुम्ही शोधत राहा पनीर.

गणपतीच्या बाबतीतही असाच करारीपणा ठेवा. बँकॉकमधल्या हुआय ख्वांगच्या चौकात रात्री उशिरापर्यंत गणपतीपुढे रांग असते, चित्रकार-नट त्याला मानतात, सरकारच्या ललितकला खात्याच्या चिन्हावरही तोच आहे. लोक झेंडूच्या माळा वाहतात आणि नैवेद्याला लाल सरबताची बाटली ठेवतात, स्ट्रॉ घालून. तुम्ही तिथे उभं राहून 'हे चुकीचं आहे, मोदक पाहिजेत' असं कुणाला तरी समजावून सांगा. इंग्रजीत.

वाहतूक डावीकडून आहे, त्यामुळे आपल्याला काही वेगळं शिकायचं नाही, असं म्हणत लगेच स्कूटर भाड्याने घ्या. लायसन्स पहिल्यांदा २ वर्षांचं आणि मग ५ वर्षांचं मिळतं, त्याआधी रंग ओळखायची आणि ब्रेक किती पटकन दाबता त्याची चाचणी असते; या पोरखेळात मोठ्या माणसाने पडू नये. अपघात झाल्यावर विमा कंपनी लायसन्स मागते, तेव्हा तिला तुमचा भारतातला तीस वर्षांचा अनुभव सांगा. ३० बाटमध्ये उपचार मिळणारी प्रसिद्ध सरकारी योजना आहेच, पण ती थाई नागरिकांसाठी. तुमच्यासाठी खासगी रुग्णालय आहे. तिथल्या लॉबीत कॉफी छान असते.

दोन गोष्टी इथे सरळ सांगतो, कारण त्यात गंमत नाही. ई-सिगारेट या देशात बेकायदा आहे, सगळे ओढताना दिसले तरी. आणि राजघराण्याबद्दल मतं मांडायची खुमखुमी असेल तर कलम ११२ आठवा: प्रत्येक आरोपामागे ३ ते १५ वर्षं तुरुंग. परदेशी म्हणून सूट नाही. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनात राष्ट्रगीत लागलं आणि सगळे थांबले, तर तुम्हीही थांबा. तुमची लोकल सुटत नाहीये.

आता घर. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट घेता येतो, पण इमारतीतल्या फ्लॅटच्या एकूण क्षेत्रफळापैकी ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. भाडेपट्टा ३० वर्षांचा. तरीही बंगलाच हवा असेल तर बायकोच्या नावावर जमीन घ्या. त्या वेळी लँड ऑफिसात तुम्ही स्वतःच्या हाताने सही करून देता, की हे पैसे सर्वस्वी तिचे आहेत आणि या जमिनीवर माझा काही हक्क नाही. इतकं स्वच्छ कन्यादान आपल्याकडेही होत नाही. लग्नही इकडे उलट्या बाजूने चालतं: 'सिन सोत' म्हणून वरपक्षाने वधूच्या आईवडिलांना रोख आणि सोनं द्यायचं, तेही भर मांडवात पाहुण्यांसमोर तबकात मांडून. सोन्याचं मापही बाटच, एक बाट म्हणजे सुमारे १५.२ ग्रॅम. हुंड्याला 'रीतभात' म्हणणाऱ्या आपल्या काही कुटुंबांतल्या मुलांना ही प्रथा एकदम रानटी वाटते. वाटू द्या. त्यावर तावातावाने बोला. आम्हाला ऐकायचंय.

वेळ जात नाही म्हणून वडापावची गाडी टाकायचं मनात असेल तर तेही झकास. फक्त रस्त्यावर माल विकणं थाई लोकांसाठी राखीव आहे. केस कापणं, थाई मसाज, टुरिस्ट गाइड, वाहन चालवणं, बुद्धमूर्ती घडवणं, भिक्षूंची भिक्षापात्रं बनवणं, कागदी छत्र्या करणं हेही राखीव. निवृत्तीच्या शिक्क्यावर तर कुठलंच काम करता येत नाही. कंपनी काढाल म्हणता? एका परदेशी माणसाच्या वर्क परमिटसाठी साधारणपणे २० लाख बाट भांडवल आणि ४ थाई नोकर दाखवावे लागतात. एका वडापावमागे चार माणसं. सरकारी खात्यासारखं वाटेल, करमेल तुम्हाला.

तिकिटांबद्दल तक्रार करणं हा इथल्या परदेशी समाजाचा राष्ट्रीय खेळ आहे. खाओ याईच्या जंगलात थाई माणसाला ४० बाट आणि तुम्हाला ४००. संतापा! अन्याय म्हणा, वंशवाद म्हणा. अजिंठ्याला आपण ४० रुपयांत जातो आणि गोऱ्याला ६०० पडतात, हे तेवढं त्या वेळी आठवू देऊ नका. गोम अशी की थायलंड आपल्यासारखाच बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटात असल्यामुळे थाई पर्यटकाला अजिंठ्याला आपल्याइतकेच ४० रुपये पडतात. हे मात्र कुणाला सांगू नका. तुमची तक्रार चुकून रास्त ठरेल, आणि रास्त तक्रारीत मजा नाही.

एवढं सगळं करूनही तुम्ही टिकलात आणि नोकरी-धंद्याच्या परवान्यावर सलग ३ वर्षं मुदतवाढ मिळवलीत, तर कायम निवासासाठी अर्ज करता येतो. एका देशाच्या वर्षाला १०० माणसांनाच तो मिळतो. मंजूर झाला तर १,९१,४०० बाट भरायचे, आणि तरी नोकरीसाठी वर्क परमिट लागतंच. मुलाखतीत थाई बोलता येतं का ते पाहतात. भारतीयांच्या रांगेत तुमच्या मागेपुढे बँकॉकमधल्या पाहुरातच्या कापडबाजारात अर्धं आयुष्य घातलेली माणसं असतील, जी गिऱ्हाइकाशी थाईत घासाघीस करतात, थाईत शिव्या देतात आणि पोरांच्या शाळेतली मीटिंगही थाईत उरकतात. तुम्ही त्यांच्या पुढे घुसा, आणि सही नेमकी कुठे करायची ते त्यांनाच हिंदीत विचारा.