ओसीटीत थर दिसतो, कारण दिसत नाही

डोळ्याच्या आतल्या सुजेबद्दल, म्हणजे युव्हिआयटिसबद्दल, एक मजकूर खूप फिरतोय. पडद्याचा (रेटिनाचा) ओसीटी, म्हणजे थर दाखवणारा प्रकाशाचा स्कॅन, काढला की टीबी, सार्कॉइड (अवयवांत गाठी करणारा आजार) की टॉक्सो (एका परजीवीचा संसर्ग) ते लगेच कळतं, रक्ततपासण्या आणि छातीचा सीटी हा नुसता खर्च, सूज दिसली की स्टेरॉइड सुरू करायचं, असं त्यात म्हटलंय. एकेक दावा बघू.

‘प्रत्येक आजाराची खूण वेगळी.’ काहींची असते. टॉक्सोत पडद्याचा एक तुकडा पूर्ण जाडीभर उजळ दिसतो, थर पुसले जातात. शेजारी जुना काळसर व्रण असला तर निदान बरंचसं झालंच. पण टीबीची गाठ आणि सार्कॉइडची गाठ घ्या. दोन्ही कोरॉइडमध्ये (पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांच्या थरात), दोन्ही गडद, दोन्हींच्या मागचा भाग उजळ. गाठीवर पडदा चिकटलेला आणि आजूबाजूला पाणी (‘कॉन्टॅक्ट साइन’), कडा वेड्यावाकड्या, असं असेल तर कल टीबीकडे. गोल, एकजिनसी असेल तर सार्कॉइडकडे. कल म्हणजे निदान नव्हे. आपल्याकडे मांटू (टीबीची त्वचेवरची चाचणी) पॉझिटिव्ह येणारे निरोगी लोकही भरपूर, म्हणून तीही एकटी पुरत नाही. छातीच्या सीटीत फुप्फुसांच्या मुळाशी गाठी दिसल्या तर तिथून सुईने नमुना घेता येतो. कोरॉइडमधून तो सहजासहजी घेता येत नाही. सीटीचा खर्च त्यासाठी असतो.

‘पडद्याखाली पाणी म्हणजे सूज, स्टेरॉइड द्या.’ यातला सर्वांत घातक दावा हा. पाणी व्हीकेएचमध्येही (प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटते तो आजार) असतं आणि सीएससीतही (सूज नसताना कोरॉइडमधून पाणी झिरपतं तो आजार), कोरॉइडही दोन्हींत जाड. सीएससीत स्टेरॉइडने पाणी वाढू शकतं. व्हीकेएचमध्ये ते वेळेवर आणि भरपूर दिलं नाही तर नजर जाऊ शकते. व्हीकेएचच्या ओसीटीत पाण्याचे कप्पे पडलेले, आरपीईचा (पडद्याच्या तळाच्या पेशींचा) थर लाटांसारखा. फ्लोरेसिन अँजिओग्राफीत (शिरेतून रंग देऊन काढलेल्या फोटोंत) टाचणीच्या टोकाएवढे असंख्य ठिपके, उशिराच्या फोटोंत ते पाण्यात विरघळलेले, डिस्कही (डोळ्याच्या नसेचं टोक) गळणारी. सीएससीत गळती बहुधा एक-दोन जागांहून आणि व्हिट्रियस (डोळ्यातली जेली) स्वच्छ. आता गंमत बघा: सिम्पथेटिक ऑफ्थाल्मियाची (एका डोळ्याच्या जखमेनंतर दोन्ही डोळ्यांना येणाऱ्या सुजेची) चित्रं हुबेहूब व्हीकेएचसारखी येऊ शकतात. फरक एका प्रश्नात आहे: कुठल्या डोळ्याला आधी आरपार जखम किंवा ऑपरेशन झालं होतं का? हे मशीन विचारत नाही.

‘रक्ततपासण्या वाया.’ सिफिलिस डोळ्यात कुठल्याही सुजेचं सोंग घेतो. जुन्या आजारात नुसती व्हीडीआरएल ही रक्तचाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी चाचणी सोबत करायची, आणि एचआयव्हीची तपासणीही. सिफिलिस निघाला तर उपचार शिरेतून पेनिसिलिन, 10 ते 14 दिवस.

‘ओसीटी नॉर्मल, मग काळजी नाही.’ मॅक्युलाचा (पडद्याच्या मध्यभागाचा) नेहमीचा स्कॅन साधारण 6 मिमीच्या चौकोनाचा. हर्पिस गटाच्या विषाणूंमुळे पडदा सडतो, तो बहुधा कडेपासून. त्यासाठी बाहुली मोठी करून कडा तपासाव्या लागतात. शंका असेल तर डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातलं सुमारे 0.1 मिली पाणी पीसीआरला पाठवतात आणि रिपोर्टची वाट न बघता विषाणूविरोधी औषध सुरू करतात. इथे एकटं स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल.

इमेजिंग खरं कामाला येतं ते नंतर. टीबीची औषधं सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत व्रण उलट वाढू शकतो आणि घाबरून औषध बंद केलं जातं. अशा वेळी ऑटोफ्लोरेसन्समध्ये (रंग न देता पडद्याची स्वतःची चकाकी टिपणाऱ्या फोटोत) उजळ, पुसट कड म्हणजे व्रण अजून सक्रिय. भोवती काळी रेघ उमटू लागली की तो भरतोय. तुलनेचा ओसीटी मात्र त्याच मशीनवर, फॉलो-अप मोडमध्येच (म्हणजे आधीच्याच जागेवरचा) काढावा: पडद्याची खालची हद्द वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या रेषेवर धरतात, म्हणून दोन मशीनांवरचे मायक्रॉनचे आकडे जुळत नाहीत.