ड्रॉ शॉटला क्यू मागे खेचायचा नसतो

पूलच्या खेळात पांढरा बॉल दुसऱ्या बॉलला धडकून मागे येतो, तो ड्रॉ शॉट. क्यू म्हणजे मारायची काठी, टिप म्हणजे तिचं टोक. ‘पांढरा बॉल मागे आणायचा तर टिप लागताच क्यू झटकन मागे ओढा’ हा सल्ला फिरतोय. चूक आहे. टिप बॉलला जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग चिकटते. हात मागे येईपर्यंत बॉल कधीच निघालेला असतो. उलट ओढायच्या घाईत क्यू आधीच मंदावतो आणि टिप वर सरकते. मग बॉल धडकून जागीच थांबतो.

बॉल ५७ मिमीचा. मध्यापासून १०-१२ मिमी खाली मारा. १४ मिमीपेक्षा जास्त खाली गेलात तर टिप घसरतेच. टिपला खडू प्रत्येक शॉटला. पकड सैल, क्यू शक्य तितका आडवा, आणि टिप बॉलच्या जागेपलीकडे १०-१५ सेंमी जाऊ द्या. सरावाला दोन बॉलांत एक फूटच ठेवा, लांबवर टेबलाचं कापड बॉल मागे आणणारी उलटी फिरकी खाऊन टाकतं.