नोंद नसलेली कालवं

आज एका सरकारी बैठकीत किनारपट्टीवरील लोकांच्या उपजीविकेची चर्चा चालू असताना मी समुद्राच्या आम्लीकरणाचा विषय काढला. समोरच्या अधिकाऱ्यांनी फाइल मिटता मिटता तो एका वाक्यात संपवला. "आपल्या जिल्ह्यात यामुळे कोणाचे नुकसान झाल्याची नोंद नाही." बैठक पुढच्या विषयाकडे वळली. घरी येऊन चार तास झाले तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

नोंद कोणी करायची होती? माझ्या आत्याने?

माझी आत्या सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका गावात राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला पाणी ओसरले की ती शेजारणींबरोबर खडकांवर उतरते, लोखंडी अवजाराने कालवाची वरची शिंप उचकटते आणि आतला गर डब्यात काढते. पाणी परत चढायच्या आत जेमतेम दोन-तीन तास मिळतात आणि तेवढा वेळ पाठ सरळ करायची सोय नसते. लहानपणी मी डबा धरून तिच्यामागे चालत असे. तिच्या डाव्या तर्जनीवर शिंपेच्या धारेने उमटलेले बारीक पांढरे वण आहेत, एकाखाली एक, वहीच्या ओळींसारखे. त्या गराचे वाटे बाजारात विकून आलेल्या पैशांतून माझी अकरावी-बारावीची फी भरली गेली. घरात तेवढेच पैसे असे होते, ज्यांचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागत नसे.

आता ही शिंप तयार कशी होते ते पाहा. आपण जाळलेल्या कोळशाचा आणि तेलाचा जो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि शिंपल्यांना, कालवांना, प्रवाळांना आपले कवच बांधायला जे कार्बोनेट लागते, ते त्यामुळे कमी पडू लागते. औद्योगिक क्रांतीपासून आजपर्यंत समुद्राच्या वरच्या थराचा सामू (पीएच) सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, परंतु सामूची मोजपट्टीच अशी आहे की याचा अर्थ आम्लता जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढली असा होतो. बैठकीत एकाने लगेच सांगितले की ८.१ सामूचे पाणी अजूनही अल्कधर्मीच असते. असते, मान्य आहे. पण कालवाच्या पिल्लाला या खुलाशाचा काय उपयोग? ते पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांत, तोंडाने काही खाऊ लागण्याच्याही आधी, केवळ अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवर आपली पहिली शिंप बांधते. पाणी बिघडलेले असेल तर ती सगळी शिदोरी शिंप बांधण्यातच संपते आणि पिल्लू मरते. डोळ्यांना न दिसणारा हा जीव असा मेला तर त्याची नोंद कोणत्या रकान्यात होणार आहे?

अमेरिकेत ती झाली, कारण तिथे नुकसान एका धंद्याच्या हिशेबात दिसले. ओरेगॉन राज्यातल्या नेटार्ट्स उपसागराच्या काठी कालवांची पिल्ले वाढवून ती पश्चिम किनाऱ्यावर कालवांची शेती करणाऱ्यांना विकणारे व्हिस्की क्रीक नावाचे केंद्र आहे. २००७ च्या सुमारास तिथल्या टाक्यांमध्ये पिल्ले लाखोंनी मरू लागली. आधी संशय जिवाणूंवर गेला, त्यांचा बंदोबस्त झाला, तरी पिल्ले मरतच राहिली. शेवटी ओरेगॉन राज्य विद्यापीठातले शास्त्रज्ञ आणि केंद्रातली माणसे यांनी मिळून पाणी मोजले, तेव्हा उत्तरेकडचा वारा सुटला की समुद्राच्या खोलातले थंड, कार्बन डायऑक्साइडने भरलेले पाणी वर येते आणि पिल्ले त्याच पाण्यात मरतात हे उघड झाले. आज तिथे टाक्यांत येणारे पाणी सतत मोजले जाते आणि त्यात सोडा ॲश (धुण्याचा सोडा) मिसळून ते सुधारले जाते. शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात कालवं-शिंपल्यांच्या व्यवसायावर सुमारे ३,२०० नोकऱ्या आणि वर्षाला २७ कोटी डॉलरची उलाढाल अवलंबून असल्याचा हिशेब मांडला गेला आणि २०१२ मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी यासाठी खास समिती नेमली.

माझ्या आत्याकडे टाकी नाही. तिची पिल्ले खाडीतच जन्मतात आणि खाडीतच मरतात, आणि अख्ख्या खाडीत कोणी सोडा ॲश मिसळू शकत नाही. खोलातले पाणी आपल्याकडेही वर येते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ते वर चढते आणि गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केलेला आहे. म्हणजे समुद्रावर अभ्यास करणारी माणसे आपल्याकडे आहेत. खडकावर उतरणाऱ्या बाईचा डबा मोजणारा मात्र कोणी नाही.

मला राग येतो तो इथे. ज्याच्याकडे होडी आहे तो मच्छीमार संस्थेचा सभासद असतो, त्याला परवाना असतो, डिझेलच्या परताव्यासाठी त्याचे नाव यादीत असते, वादळात होडी फुटली तर पंचनामा होतो. ओहोटीला हाताने कालवं आणि तिसऱ्या (छोटे शिंपले) वेचणाऱ्या बाईकडे यातले काहीही नसते. तिची कमाई कोणत्याही कागदावर आलेली नसते, त्यामुळे ती बुडाली तरी कोणाचे काही बुडाले असे कागद म्हणत नाही. आणि मग तोच कोरा कागद पुढे करून तुम्ही आम्हाला सांगता की नुकसान झालेले नाही!

आमच्या खाडीतली कालवं कमी झाली ती आम्लीकरणामुळेच, असे मी म्हणत नाही. वाळूचा उपसा आहे, वरून येणारे सांडपाणी आहे, वेचणारे हातही वाढले आहेत; यातले कशाचे किती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण ते का सांगता येत नाही, याचे उत्तर पुन्हा तेच आहे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जी शाश्वत विकासाची उद्दिष्टे ठरवली आणि आपल्या देशाने मान्य केली, त्यांतल्या चौदाव्या उद्दिष्टात समुद्राच्या आम्लीकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यासाठी ठरलेला निर्देशक म्हणजे ठरावीक ठिकाणी मोजलेली समुद्राच्या पाण्याची सरासरी आम्लता. ते मोजा, एवढेच मी आज मागत होते. प्रत्येक मोठ्या खाडीच्या मुखाशी पाण्याची नियमित तपासणी आणि प्रत्येक गावातल्या वेचणाऱ्या बायकांची एक यादी. यासाठी अमेरिकेइतका पैसा लागत नाही.

रात्री आत्याला फोन केला. गेल्या ओहोटीला किती कालवं मिळाली असे विचारले, तर म्हणाली, पूर्वी डबा भरायचा, आता तळ झाकतो. पूर्वी म्हणजे कधी, तर तुझ्या शाळेच्या वेळी. तिच्याजवळ तारीख-वार नाही, माझे वय आहे. मग मी तिला सांगितले की येत्या अमावास्येला मी वही, वजनकाटा आणि सामू तपासायच्या पट्ट्या घेऊन येते. त्या पट्ट्यांवर इतका बारीक फरक कळत नाही हे मला ठाऊक आहे, पण किमान डब्याचे वजन तरी दर ओहोटीला लिहून ठेवता येईल. शेजारच्या बायका तयार झाल्या तर त्यांचेही.

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ये. पण पायात कायतरी घाल, नायतर कालवां पाय कापतली."