मल्टी-टूलच्या पात्याला घरी धार लागत नाही, हे खरे नाही

मल्टी-टूल म्हणजे पाती, कात्री अशी साधने एकाच मुठीत घडी होऊन बसणारे अवजार. ते वापरणाऱ्यांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्यानुसार या अवजाराची पाती स्टेनलेस पोलादाची असल्यामुळे त्यांना घरी दगडावर धार लागत नाही, दातेरी पाते बोथट झाले की गेलेच समजावे, कात्रीला ॲल्युमिनियम फॉइल कापणे पुरेसे असते आणि अगदीच अडले तर पाते धारवाल्याच्या चाकावर द्यावे. अशा सल्ल्यापायी कितीतरी चांगली अवजारे खणात पडून राहतात, म्हणून त्याचे उत्तर देणे मला गरजेचे वाटते.

पहिला मुद्दा पोलादाचा. स्टेनलेस पोलाद गंज लवकर धरत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. धार न लागण्याशी त्या गुणाचा संबंध नाही. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या खिशातल्या चाकूचे पाते कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ५६च्या आसपास कठीण असते, आणि सिलिकॉन कार्बाइडचा साधा दगडही त्याहून कितीतरी कठीण असल्यामुळे ते सहज घासले जाते. बहुतेकांचे चुकते ते कोनात. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी १५ ते २० अंशांचा कोन योग्य ठरतो. म्हणजे पाते दीड सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून साधारण साडेचार मिलिमीटर उचलून धरावी. धारेच्या उतारावर मार्करची शाई लावून १००० ग्रिटच्या (म्हणजे मध्यम बारीक कणांच्या) ओल्या दगडावर दोन-तीन हात फिरवले, की शाई कुठे पुसली गेली यावरून कोन बरोबर आहे की नाही ते लगेच कळते. एका बाजूने घासत राहिल्यावर पलीकडच्या काठावर धातूची बारीक खरखर बोटाला जाणवू लागते (बोट धारेवरून नव्हे, पात्याच्या पाठीकडून धारेकडे न्यावे). ती पूर्ण लांबीभर आली की मगच बाजू बदलावी. मल्टी-टूलची मूठ जाड असल्याने ती दगडाला अडते, म्हणून दगड टेबलाच्या कडेला ठेवून मूठ बाहेर राहू द्यावी.

दातेरी पात्याला सपाट दगड चालत नाही, एवढेच खरे आहे. त्याचे दाते बहुधा एकाच बाजूने घासलेले असतात. त्या बाजूने प्रत्येक खाचेत धार लावायचा निमुळता, गोल दांडा फिरवावा आणि सपाट बाजू दगडावर आडवी ठेवून खरखर तेवढी काढावी.

फॉइलने कात्रीची वळलेली कड थोडी सरळ होते आणि काही काळ बरे कापल्यासारखे वाटते. मात्र ॲल्युमिनियम पोलादापेक्षा बरेच मऊ असल्याने त्यातून नवी धार निघत नाही. कात्रीच्या पात्यांचा फक्त बाहेरचा उतार घासावा; एकमेकांवर सरकणाऱ्या आतल्या बाजूंना उतार पाडू नये.

धारवाल्याच्या कसबाबद्दल मला आदर आहे. विळीला आणि स्वयंपाकघरातल्या जाड सुरीला त्याचे चाक उत्तम. पण कोरड्या, वेगवान चाकावर मल्टी-टूलचे पातळ पाते क्षणात तापते. काठ निळसर पडला, तर तिथले पोलाद मऊ झालेले असते आणि ती धार टिकत नाही. शिवाय आधीच अरुंद असलेले पाते दर वेळी झिजते ते वेगळेच.

त्याच मजकुरात बिजागरीत शेंगदाण्याचे तेल सोडण्याचाही सल्ला आहे. ते तेल हवेने चिकट होते आणि धूळ धरते. कोमट पाण्यात पाती उघडमीट करून धुवावीत, पूर्ण वाळवावीत आणि खाद्यपदार्थांना चालणाऱ्या खनिज तेलाचा एक थेंब सोडावा. कैरी किंवा लिंबू कापल्यावर, तसेच कोकणातल्या खाऱ्या हवेत, हे त्याच दिवशी करावे.