फाइलला बेडसोर होत नाहीत

वृद्धाश्रम काढताय? अभिनंदन! म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं कसं, या काळजीने तुमची झोप उडाली असेल तर आधी शांत झोपा. सांभाळायची असते ती फाइल. माणसं आपापली राहतात. किंवा राहत नाहीत.

सुरुवात कूस बदलण्यापासून करू, कारण दर्जाची खरी परीक्षा तिथेच होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पडून पडून जखमा, म्हणजे बेडसोर, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर करावं, असं शिकवतात. म्हणजे २४ तासांत १२ वेळा. तुमच्याकडे असे २० जण असतील तर २४० वेळा, आणि रात्रपाळीला मावश्या दोन. हा हिशेब पुढे करत बसू नका. त्यापेक्षा तक्ता पाहा, तो किती सोपा आहे! रात्री १० डावी, १२ उजवी, २ पाठ, ४ डावी. पहाटे चहाच्या आधी एका बैठकीत २० जणांच्या सगळ्या चौकटी भरून होतात. अक्षर एकच दिसतं ही अडचण आहे खरी, म्हणून पेनं दोन रंगांची ठेवावीत. आणि कोणी वारलं तर निदान त्या दिवसापासून त्यांची कूस बदलणं थांबवा. आगाऊ भरलेल्या तक्त्यात माणूस गेल्यावरही दोन रात्री इमानाने वळत राहतो, आणि असलं बारकाईने पाहणारा एखादा तपासनीस निघतोच.

माकडहाडावर किंवा टाचेवर लाल चट्टा दिसला तर? तो बोटाने दाबून पाहतात. दाबल्यावर पांढरा पडला नाही तर बेडसोरची सुरुवात झाली असं समजायचं. म्हणून दाबून पाहूच नये. (सावळ्या कातडीवर तर तो चट्टा नीट दिसतही नाही. निसर्ग तुमच्या बाजूने आहे.)

पाण्याचंही तसंच. वय वाढलं की तहानेची जाणीव कमी होते. माणूस स्वतःहून पाणी मागत नाही. न मागणाऱ्याला देणं हा आगाऊपणाच नाही का? शिवाय पाणी पोटात गेलं की लघवी आली, लघवी आली की कोणीतरी धरून न्यायला हवं, नाहीतर डायपर बदलायला हवा. पेला कोपऱ्यातल्या टेबलावर भरून ठेवा, हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर. फोटोत छान येतो.

आता पाणी कमी पडल्याने कोणी चार दिवसांत असंबद्ध बोलू लागलं, संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराशी उभं राहू लागलं, तर ‘वय झालं’ असं लिहा आणि गोळी सुरू करा. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांना मनोविकारावरच्या या नव्या गोळ्या दिल्या की मृत्यूचं प्रमाण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या दीडपटीहून जास्त दिसतं, असं अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली सांगितलं आणि माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापायला लावला. छापू देत. गोळी खाणाऱ्याला मोतीबिंदू आहे, आणि देणाऱ्याला वेळ नाही. त्या मजल्यावर मात्र संध्याकाळी सहानंतर अशी शांतता पसरते की भेटायला आलेली मुलगी म्हणते, “किती प्रसन्न वाटतं हो इथे!”

खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे लावा. ते ओलांडताना माणूस पडला तर आणखी उंचावरून पडतो, कधी मान कठड्यात अडकते, पण कठडे लावले होते ही नोंद पक्की राहते.

आंघोळीच्या पाण्याबाबत तज्ज्ञांचा घोळच आहे. टाकीतलं पाणी ६० अंशांवर ठेवा म्हणतात, आणि अंगावर मात्र ४४ च्या वर जाऊ देऊ नका, कारण ६० अंशांचं पाणी म्हाताऱ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं. मध्ये गार-गरम मिसळणारी झडप बसवायची म्हणे. कशाला हव्यात झडपा? टाकीतलंच पाणी कोमट ठेवा. वीज वाचते, आणि लिजिओनेला नावाच्या न्यूमोनियाच्या जंतूचीही सोय होते. त्याला २० ते ४५ अंशांत छान वाढता येतं. तुम्हाला निवासी वाढवायचेच आहेत ना?

आगीची कवायत सकाळी ११ वाजता घ्यावी, चालत्याफिरत्या मंडळींना घेऊन. सगळे चार मिनिटांत अंगणात. खाटेवरच्यांना कोण उचलणार, मागच्या दाराची किल्ली रात्री कोणाकडे असते, हे प्रश्न कवायतीत विचारू नयेत. लोकांचा हिरमोड होतो.

उशाशी बेल हवीच, नियमच आहे. तिची दोरी गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा. बेल वाजली नाही म्हणजे कोणाला काही नको होतं, आणि समाधानाचा याहून भक्कम पुरावा कोणता?

राहिली तपासणी. तारीख आधी कळण्याची व्यवस्था असली तर उत्तमच. त्या दिवशी फिनेल दुप्पट, चादरी नव्या, दोऱ्या खाली, आणि सुट्टीवरच्या मावश्याही हजर. तपासनीस एखाद्या आजोबांना नक्की विचारतील, “काही तक्रार आहे का, आजोबा?” तेव्हा तुम्ही खुर्चीच्या मागे उभे राहा, खांद्यावर प्रेमाने हात ठेवून. आजोबा आधी मान वळवून तुमच्याकडे बघतील, मग म्हणतील, “सगळं छान आहे.” तपासनीस ते लिहून घेतील. मान वळवल्याचं लिहायला त्यांच्या फॉर्ममध्ये रकाना नसतो.

गाडी फाटकाबाहेर वळली की नव्या चादरी घडी घालून कपाटात, दोऱ्या पुन्हा खिळ्याला. आणि आज रात्रीच्या १०, १२, २, ४ च्या चौकटी आत्ताच भरून टाका. सगळे फार दमलेत.